उलटे टांगलेले नाना

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी, भर दुपारी, पारोळ्याजवळच्या त्या खेड्यात मारुतीच्या देवळामागं ही झुंबड उडाली होती. एरवी त्या उन्हात कुत्रंही सावली सोडत नाही. पण मेलेला माणूस हलताना बोलताना दिसणार म्हटल्यावर उन्हाची पर्वा कोण करतो? अंजनबुवानं देवळामागच्या धाब्याच्या खोलीत मुक्काम ठोकला होता, आणि गावानं आपली अक्कल त्याच खोलीत नेऊन गहाण टाकली होती.

खोलीत मिट्ट काळोख. दाराला घोंगडी, झरोक्याला शेण. एका भिंतीत तेवढं वाटीएवढं काचेचं बिंब बसवलेलं, भोवती झेंडूची माळ. तो म्हणे नाथांचा डोळा. हात लावील त्याचे डोळे जातील.

खोलीच्या डाव्या कोपऱ्यात, बुवानं नेमून दिलेल्या जागी, यशोदा बसली होती, आणि तिच्या पाचावर धारण बसली होती. तिचे सासरे, जीवराम नाना, हिवाळ्यात तापानं गेले. उद्या अखाजीला त्यांच्या नावाची पहिली घागर भरायची. पण बुवानं सांगितलं होतं की नाना अधांतरी उलटे टांगलेत. घरातल्या डाकिणीनं त्यांना खाल्लं, आणि तिला डाग दिल्याशिवाय घागरीचं पाणी त्यांना पोचणार नाही. ती कोण, हे आज नाना स्वतः दाखवणार होते. बाहेर देवळाच्या आवारात शेणी पेटवून त्यात विळा तापत घातला होता. यशोदाला त्याच्या धुराचा वास इथवर येत होता.

घरात बायका दोनच. समोरच्या भिंतीशी बसलेली सासू वच्छलाबाई आणि ती.

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. अभिमन मान खाली घालून बसला होता. शेवटची पेज नानांना मीच पाजली, ती विचार करत होती. मला ठाऊक नसताना मीच तर डाकीण नसेन? भीती एकदा अंगात शिरली की माणूस स्वतःविरुद्धसुद्धा साक्ष द्यायला तयार होतो.

इतक्यात घोंगडी सरकवून छगन आत आला. हा यशोदाचा थोरला भाऊ. धुळ्याला फोटोवाल्याकडं कामाला होता, आणि बहिणीला अखाजीसाठी माहेरी न्यायला आला होता. दारातच लोकांकडून त्याला सगळं कळलं होतं. तो तिच्याशेजारी टेकला.

"ओम् ह्रीम् फट्! पाताल का पडदा फट्!" बुवानं सुरुवात केली. ओलं धोतर ताणलेली बांबूची चौकट त्यानं काचेपुढं धरली आणि मंत्र पुटपुटत हळूहळू पुढं-मागं केली. आधी नुसता उजेडाचा डाग. मग तांबडं काहीतरी. मग एकदम नाना! वीतभर, पाय वर, डोकं खाली, तेच तांबडं पागोटं, तेच उपरणं, आणि हात हलतोय.

बायकांनी हंबरडा फोडला. पाणी न मिळालेले पितर उलटे लटकतात, हे साऱ्यांनी लहानपणापासून ऐकलं होतं. आता डोळ्यांनी दिसलं. मग शंका कसली?

"बोल आत्म्या, किसने खाया तुझे?" बुवानं घंटा वाजवली. धोतरावरच्या नानांनी हात उचलला आणि बोट डाव्या कोपऱ्याकडं केलं.

"सून!" कुणीतरी म्हणालं. अभिमन उठला. विळा आणायला तोच जाणार होता.

"जरा थांबा दाजी," छगन म्हणाला. "मावशी, तुम्ही आठे बसा. यशोदा, तू तठे."

वच्छलाबाईंना काही कळायच्या आत त्यानं त्यांना डाव्या कोपऱ्यात बसवलं, आणि बुवा "अधर्म, अधर्म" करत असताना त्याच्या हातातली घंटा ओढून वाजवली. नानांनी पुन्हा हात उचलला. बोट त्याच कोपऱ्याकडं.

गर्दी वच्छलाबाईंपासून सरकली.

"मी नही वो!" म्हातारी रडू लागली. "मी काबर खासू त्यास्ले? माले डाग नका दिऊ."

यशोदाला ते ऐकवेना. घटकेपूर्वी हेच शब्द तिच्या ओठांवर आले होते.

"त्या काचेवर हात ठेव," छगन हळूच म्हणाला.

"भाऊ, माले भ्याव वाटस. डोळा जाथीन."

"मी रोज हात लावस. मन्हा डोळा कोठे गयात?"

ती उठली. डोळे गच्च मिटून तिनं झेंडूच्या माळेत तळवा दाबला. खोलीत किंकाळी उठली: धोतरावरचे नाना नाहीसे झाले होते. तिनं हात काढला. नाना परत आले. तिनं डोळे उघडले, आणि पुन्हा एकदा तेच करून पाहिलं.

"आता बाहेर चला," छगन म्हणाला.

भिंतीमागं, रणरणत्या उन्हात, फरशीच्या एका तुकड्यावर बुवाचा चेला चुडामण उभा होता. अंगावर नानांचे कपडे. आत्म्यासाठी म्हणून बुवानंच ते मागून घेतले होते. लोक पाहताच चेल्यानं पागोटं टाकून धूम ठोकली. बुवा त्याच्याही पुढं होता.

छगननं यशोदाला त्याच फरशीवर उभं केलं आणि सासूला आत नेऊन धोतर दाखवलं.

"आते सांगा मावशी, कोन शे?"

"यशोदा शे." वच्छलाबाई दचकल्या. "उलटी शे. पन ती ते जित्ती शे!"

"मीपण कॅमेऱ्याच्या काचेवर रोज माणसं उलटीच पाहतो," छगन सगळ्यांना म्हणाला. "भिंगातून तशीच दिसतात, जिती असोत की नसोत. हे स्टुडिओतलं भिंग आहे. लहान डबा-कॅमेऱ्याचं लावलं असतं तर नाना बोटभर दिसले असते, पागोटंही ओळखू आलं नसतं. म्हणून बुवानं मोठं निवडलं. पण त्याची ताकद एकच. ती कमीजास्त करता येत नाही. माणूस त्या फरशीवर, धोतर इथं, तरच चित्र ठाशीव. चौकट मागं-पुढं करत होता तो मंत्र नव्हता, ते चित्र जुळवणं होतं. आणि तोंड तर तिथं दिसतच नव्हतं. नानांचं तोंड तुम्हीच मनानं लावलंत."

"बठ्ठा गाव येडा व्हयना," मागून कुणी पुटपुटलं. अभिमन विळ्यावर पाणी ओतत होता. त्यानं बायकोकडं पाहिलं. तिनं पाहिलं नाही.

मघाशी त्या बोटावर विश्वास ठेवणाऱ्या वच्छलाबाईंनी सुनेचा हात धरला. "चाल घर. मन्हं चुकनं माय."

यशोदा हलली नाही.

"भाऊ," ती म्हणाली, "तू फोटोवाला नसता ते?"

वाचकहो, याचं उत्तर तुमच्याआमच्यापाशी असायला हवं. डाकीण ठरवलेल्या प्रत्येक बाईला फोटोवाला भाऊ नसतो. पण दोघांच्या जागा बदलून पाहा, घंटा पुन्हा वाजवा, एवढं म्हणायला भिंगाची विद्या लागत नाही. ते त्या खोलीतला कुणीही म्हणू शकला असता, आणि कुणीच म्हणालं नाही.