मशीन थांबलं की

"शेजारच्या मावशींचं मशीन दुपारी मध्येच थांबलं, तर उठायचं आणि दार ठोकायचं," घराची किल्ली हातात देताना घरमालकीणबाई म्हणाल्या होत्या. "चक्कर येते त्यांना. एकट्या असतात. आधीच्या बिऱ्हाडालाही मी हेच सांगितलं होतं."

मी "हो हो" म्हटलं. जिना उतरताना नवऱ्याला म्हणाले, "घर घेतलंय की पहारेकऱ्याची नोकरी?"

मावशी शाळेचे गणवेश शिवायच्या. सकाळी नऊपासून भिंतीपलीकडे मशीन सुरू. लांब धाव, दोरा तोडण्यापुरती उसंत, पुन्हा लांब धाव. पंधरा दिवसांत मला तो आवाज पाठ झाला. त्रास त्या आवाजाचा नव्हता. त्रास त्यांच्या देवाचा होता.

त्यांचा देव सतत कामावर असायचा. एकदा त्यांचा नळ बिघडला आणि नेमका त्याच दिवशी एक प्लंबर मजला चुकून त्यांच्या दारात उभा राहिला. "त्यानेच पाठवला!" मावशी म्हणाल्या. माझाही नळ महिनाभर गळत होता. मी प्लंबरला हाक मारली, तर तो म्हणाला, "वायसर संपले, ताई."

"तुझ्याकडेही येतो गं तो," मावशी हसून म्हणाल्या. "तू कडी लावून बसतेस."

कॉलेजात असताना वक्तृत्व स्पर्धेत 'देव नाही' हे सिद्ध करून मी ढाल आणली होती. आता माझी मुलगी सात महिन्यांची होती, तिचं वजन वाढत नव्हतं, आणि मी रोज त्याच देवापुढे हात जोडत होते. तिने किती चमचे खाल्ले, किती वेळा ओकली, सगळं वहीत लिहीत होते. माझ्या हातचं कुस्करलेलं केळं ती थुंकून टाकायची. मावशींनी मांडीवर घेतलं की आ वासायची.

"बघ, खातेय की लबाड!"

मी हसायचे. मनात म्हणायचे, या बाईला देवही वश आणि माझं लेकरूही?

त्या दिवशी दोन तास थोपटल्यावर बाळ झोपलं. मी पाठ टेकली आणि भिंतीपलीकडचं मशीन थांबलं. दोरा तोडताना थांबतं तसं नव्हे. धाव अर्ध्यात तुटली. मी घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून वीस मिनिटं.

सुई मोडली असेल, म्हटलं. पाच मिनिटं गेली. मी उठून बसले. दार उघडलं तर कडीच्या आवाजाने बाळ जागं होईल, असं मनाशी म्हणाले. आणि मग, खोटं कशाला सांगू, ओठ हलवून म्हणाले, "जाईल की त्यांचा देव. नाहीतरी सारखा तिथेच असतो."

तीन वाजून दहा मिनिटांनी बाळ उठलं. मी केळं कुस्करलं, तिने थुंकून टाकलं. तेव्हा कुठे मी तिला कडेवर घेऊन शेजारी गेले. मावशींना बघायला नाही. बाळाला भरवून घ्यायला.

दार नुसतं लोटलेलं होतं. मावशी स्टुलाशेजारी फरशीवर पडल्या होत्या. डोळे उघडे होते आणि दाराकडे लागलेले होते. मशीनची सुई एका अर्ध्या बाहीत रुतून उभी होती.

ॲम्ब्युलन्स आली. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "हा अर्धांगाचा झटका कधी आला? अंदाजाने सांगू नका, किती वेळ झाला त्यावर औषध ठरतं."

"दोन वीस."

"इतकं नेमकं? तुम्ही तिथे होतात?"

"भिंतीपलीकडे होते."

त्यांनी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वेळ कळली म्हणून इंजेक्शन देता येईल," ते म्हणाले. "मात्र आधी आणलं असतंत, तर..." आणि ते आत गेले.

आठव्या दिवशी मी बाळाला घेऊन भेटायला गेले. मावशींचं तोंड थोडं वाकडं झालं होतं, उजवा हात उशीवर कुणीतरी ठेवून विसरल्यासारखा पडला होता. नर्स उशी सारखी करत होती. तिला मावशी एकेक शब्द ओढत म्हणाल्या, "ही... त्याने... पाठवलेली."

नर्स जाईपर्यंत मी कशीबशी थांबले.

"मावशी, मला ऐकू आलं होतं. मशीन थांबलेलं. मी पन्नास मिनिटं बसून होते."

त्यांनी डाव्या हाताने बाळाच्या पायाचा अंगठा धरून ठेवला.

"माहितीय," त्या म्हणाल्या. "मी... विचारत होते त्याला. ही का... येत नाही? तर म्हणाला... बाळ झोपलंय तिचं."

आणि तुम्हाला सांगते, तिथे त्या खाटेपाशी उभी असतानाही मला त्यांचा हेवाच वाटला. फरशीवर पडल्या पडल्यासुद्धा कुणीतरी त्यांच्याशी बोलत होतं. मी गादीवर जागी होते, आणि माझ्याशी कुणी बोललं नाही. की बोललं होतं, आणि मी घड्याळ बघत बसले होते?

मावशी घरी आल्या. उजवा हात काही परत आला नाही. मशीनवर आता चादर असते. ती अर्धी बाही मी काढायला गेले, तर म्हणाल्या, "राहू दे." दुपारी त्या डाव्या हाताने लाकडी पट्टी भिंतीवर दोनदा वाजवतात. मीही इकडून दोनदा वाजवते. बाळ झोपलेलं असलं तरी.

तुमच्याही भिंतीपलीकडे रोजचा एखादा आवाज असेल. कुणाचा रेडिओ, कुणाचा खोकला, कुणाच्या काठीची ठकठक. आत्ता येतोय का तो? नसेल येत, तर हे वाचायचं इथेच थांबवा. गॅसवर दूध असेल तर बंद करा, आणि जाऊन दार ठोका. त्या माणसाशी तुमचं पटत नसलं तरी.