शिवेवरचं ढेकूळ

आमचं गाव एक आणि तालुके दोन. ओढ्याच्या अलीकडच्या घरांची बारामती, पलीकडच्यांचं इंदापूर. मतदान वेगळं, रेशन वेगळं, वीजसुद्धा वेगवेगळ्या वेळी जाते. दोन्हीकडे सारखी आहे ती फक्त खुन्नस. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, शीव म्हणजे नकाशातली रेघ. इथं शीव म्हणजे सकाळच्या चहाबरोबर उकरून काढायचं भांडण.

या भांडणात सगळ्यात जास्त होरपळलं आमचं घर, ज्याची त्या मातीत वीतभर जमीन नव्हती. फार पूर्वी ओढ्यानं एका पुरात पात्र बदललं आणि मधल्या काळ्या पट्ट्यावरून दोन्हीकडचे कुऱ्हाडी घेऊन उभे राहिले. तेव्हाची रीत अशी, की शिवेचा तंटा महारानं मिटवायचा. ओल्या अंगानं, शिवेवरचं ढेकूळ डोक्यावर घेऊन तो चालेल ती शीव. खोटं चालला तर वर्षाच्या आत त्याच्या घरातलं माणूस जाणार. ज्याची सावली अंगावर पडलेली चालत नव्हती, त्याचा शब्द एवढ्यापुरता चालायचा. छप्पन सालच्या उन्हाळ्यात माझे सासरे ज्ञानू असे चालले. पट्टा इंदापूरकडे गेला. पावसाळ्यात त्यांचं तान्हं पोर, झुंबर, तापानं गेलं.

झालं. पट्टा हातचा गेलेल्या दत्तोबांनी पारावर बसून सांगितलं, ज्ञान्या खोटं चालला, देवानं पोर उचललं. पुढं आमच्या वस्तीनं धम्म घेतला, तर म्हणे पाप लपवायला धर्म बदलला. पाणवठ्यावर बायका माझ्या सासूला, भागुबाईंना, तोंडावर म्हणायच्या, नवऱ्याच्या खोट्यापायी पोर खाल्लंस. मी त्यांना आत्या म्हणते. आत्यांनी पुढं तीन लेकरं वाढवली, शिकवली, पण ते वाक्य काही त्यांच्या मनातून गेलं नाही. त्यांना जमीन नको होती, माफी नको होती. दत्तोबांच्या घरातल्या कुणीतरी चारचौघांत म्हणावं, ज्ञानू खरं चालला. बस्स. सासरे ते न ऐकताच गेले.

यंदा दत्तोबांचे चिरंजीव जोतीराम यांनी स्वतःच सरकारी मोजणी मागवली. पट्टा परत मिळवायचाच, असा चंग बांधला होता. काठीवरचं मशीन घेऊन मोजणीवाले आले आणि अख्खं गाव बांधावर गोळा झालं. चुन्याची रेघ पडत गेली तसतसे म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. जुन्या बाभळीपासून, पट्टा आता कसणाऱ्या संभाजीच्या उसाच्या कडेकडेनं, ज्ञानू चालले होते तिथूनच ती रेघ गेली. वीतभर इकडं नाही, तिकडं नाही.

"तात्या, आता चहा पाजा," संभाजी जोतीरामांना म्हणाला. त्याची बाजू इंदापूरची.

जोतीरामांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "मशीनला काय कळतंय? त्या ज्ञान्याच्याच खोट्या पावलावरनं नकाशा काढलाय ह्यांनी."

मोजणीवाला शांतपणे म्हणाला, "नकाशा इंग्रजांच्या वेळचा आहे, तात्या."

"मग तोबी खोटा. खरं असतं तर त्याचं पोर कशाला मेलं असतं?"

माझं डोकं सणकलं. माझा नवरा रवींद्र बँकेत अधिकारी आहे आणि भांडणाला फार घाबरतो. त्यानं माझा दंड धरला. मी हात झटकला. पण माझ्याआधी आत्या पुढं झाल्या. काठी टेकत रेघेपाशी गेल्या, वाकल्या आणि चुना लागलेलं एक ढेकूळ उचललं.

"जोतीराम, घे."

"काय हाय ते?"

"ढेकूळ. डोस्क्यावर घे आन् तुझी शीव कुठंय तितनं चाल. मशीन खोटं, नकाशा खोटा, माझा मालक खोटा. तू तर खरा हायस न्हवं? तू चालशील ती शीव. संभाजी, तुला मान्य हाय?"

संभाजीचं हसू मावळलं. त्याचा ऊस उभा होता. तरी सगळ्यांसमोर मान हलवावी लागली.

जोतीराम म्हणाले, "तुमी तर असलं मानत न्हाय."

"आमी न्हाय मानत. आमी कवाच सोडलं. तू मानतोस, म्हणून तर तुला देते."

जोतीरामांचा मुलगा रविराज चुळबुळत पुढं आला. "तात्या, उचला की. मातीचा गोळा हाय, त्येला काय हुतंय?" त्याचा डोळा पट्ट्यावर होता. पण त्याची बायको रेश्मा मागं उभी होती, कडेवर पाच महिन्यांचं बाळ. तिनं बाळाला पदराखाली घेतलं आणि सासऱ्यांकडे बघत म्हणाली, "न्हाय. हात लावायचा न्हाय त्येला."

जोतीरामांनी पुढं केलेला हात मागं घेतला. धोतराला पुसला, अजून काही लागलंही नव्हतं.

आत्यांनी ढेकूळ तसंच पुढं धरलं होतं. ऐंशी पार केलेला हात. "मग सांग. माझा झुंबर कशानं गेला?"

रेश्माचं बाळ रडायला लागलं.

"तापानं," जोतीराम म्हणाले.

"आन् माझा मालक कसा चालला व्हता?"

त्यांनी बाळाकडे बघितलं, मग रेघेकडे. "खरं चालला व्हता, भागुबाई."

इतक्या वर्षांत त्यांनी आत्यांना भागे सोडून दुसरी हाक मारलेली मी ऐकली नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता. संतापच आला. म्हणजे ह्यांना सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि तरी एका आईला जन्मभर पोर खाल्ल्याचं ऐकवलं.

आत्यांनी ढेकूळ खाली टाकलं नाही. पदरात बांधलं आणि घरी आणलं. सासऱ्यांच्या फोटोपुढं ठेवून म्हणाल्या, "ऐकलंत का?" झुंबरचा फोटो नव्हताच, म्हणून ते ढेकूळ त्याच्या नावानं तिथंच राहू दिलं.