हजारातले पाचशे एक्क्याण्णव

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि हात छातीवर ठेवा. ठोके लागतात ना? आता अशी कल्पना करा, की तुम्हाला धावण्याच्या शर्यतीसाठी तयार व्हायचे आहे. पण मैदानावर नेण्याऐवजी कोणी तुम्हाला दोरीने अधांतरी टांगले आणि म्हणाले, "मार पाय हवेत." तुम्ही दोन दिवस पाय मारलेत. मग त्याने सगळ्यांना सांगितले, की हा मुलगा भरपूर धावला आहे, आता याला डोंगर चढायला लावा. कसे वाटेल?

उघडा डोळे. मी एक जुने इंजिन आहे, एका छोट्या टेम्पोच्या सीटखाली बसवलेले. मला अगदी असेच वाटले होते.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्या पोटात लोखंडी नळकांडे आहे, त्याला सिलिंडर म्हणतात. त्यात दट्ट्या खालीवर होतो आणि दट्ट्याच्या अंगावर बांगड्यांसारख्या रिंगा असतात. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारागिरांनी मुद्दाम केसासारख्या बारीक रेघा ओढल्या होत्या, एकीवर एक फुली मारल्यासारख्या. या रेघांवर रिंगा हळूहळू घासायच्या, भिंतीचे आणि रिंगांचे सूत जुळायचे, मग ऑइल आपल्या जागी आणि जाळ आपल्या जागी राहायचा. हे सूत फक्त सुरुवातीच्या दिवसांतच जुळते. नंतर जुळवू म्हटले तर जुळत नाही.

मला एका सुताराने घेतले. शाळांचे बाक, कपाटे, टेबले असे त्याचे काम. बरोबर त्याची दहा वर्षांची मुलगी आली होती. कोणी चुकीचे बोलले की ती लगेच दुरुस्त करायची, म्हणून घरात सगळे तिला मास्तरीण म्हणत.

गाडी हातात देताना म्हाताऱ्या मेकॅनिककाकांनी बजावले, "पहिले हजार किलोमीटर पंचेचाळीसच्या वर न्यायचं नाही. माल अर्धाच भरायचा. पण रिकामंही फिरवायचं नाही, आणि एकाच वेगात ताणूनही धरायचं नाही. थोडं ओझं, थोडा चढ, कधी वेग वाढवा, कधी सोडा. हजार झाले की ऑइल बदलायला माझ्याकडे आणा."

"लाडच करायचे म्हणा की," सुतार म्हणाला.

"लाड नाहीत. वळण आहे. पोरांना नाही लावत?"

घरी येताना सुताराने आपल्या मुलीला ते नीट समजावले. असे समजावले, की मीही कान देऊन ऐकत राहिलो. "आपण नवा खण बसवतो ना टेबलाला, तो पहिल्यांदा घट्ट असतो. मी काय करतो?"

"मेण लावता. मग हळूहळू आतबाहेर करता."

"आणि घाईने ओढला तर?"

"जन्मभर कुरकुरतो."

"हे इंजिन म्हणजे आपला नवा खण. हजार होईपर्यंत अर्धाच माल. माझा शब्द."

"मी रोज मीटर बघणार. वहीत लिहिणार."

"बघा बाई. घरात एक मास्तरीण होतीच, आता टेम्पोतही आली."

मित्रांनो, त्या माणसाला सगळे कळत होते. म्हणून तर मला जास्त लागले. अडाण्याने पाय दिला तर चुकून दिला म्हणता येते.

पहिले चारशे बारा किलोमीटर माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे. सकाळी मला सुरू करून तो थोडा थांबायचा, मग अलगद निघायचा. आठ-दहा बाक मागे असायचे. मास्तरीण पुढच्या सीटवर काट्याकडे बघत बसायची. काटा पंचेचाळीसला टेकला, की ती नुसती घसा खाकरायची आणि तिचे बाबा पाय सैल करायचे. घरी आल्यावर ती वहीत तारीख, गाव आणि किलोमीटर लिहायची. माझ्या रिंगांचे सूत हळूहळू जुळू लागले होते.

मग एका दूरच्या शाळेसाठी चाळीस बाक करायचे काम आले. शाळा सोमवारी उघडणार होती. अर्धा माल नेला तर चार खेपा, आणि तेवढे दिवस हातात नव्हते. आठवड्याने थांबा, असे शाळेला सांगता आले असते. भाड्याची मोठी गाडी बोलावता आली असती. मुलीला जवळ बसवून, "मला शब्द मोडावा लागतोय," असेही म्हणता आले असते. सुताराने यातले काहीच केले नाही. शब्द मोडायची त्याला लाज वाटली, म्हणून त्याने आकडाच वाकवला.

मास्तरीण दोन दिवसांच्या सहलीला गेली होती. सुताराने मला आपल्या सुतारकामाच्या कारखान्याच्या दारात, मागची बाजू आत करून उभे केले. जॅक लावून मागची चाके उचलली आणि खाली लाकडी ठोकळे सरकवले. मग एक पाचर तासली आणि ती अॅक्सिलरेटरच्या पायपट्टीवर अशी ठोकून बसवली, की काटा पंचेचाळीसवर जाऊन थांबला. मी तापू नये म्हणून समोर टेबलफॅन लावला. एवढी काळजी घेतली, बघा.

चाके हवेत फिरू लागली. मीटरवरचे आकडे पुढे सरकू लागले. ना ओझे, ना चढ, ना वेग कमीजास्त. तासन्‌तास तोच एक सूर. ओझ्याशिवाय रिंगा भिंतीवर दाबल्या जाईनात. नुसत्याच निसटू लागल्या. त्या बारीक रेघांत जळकट ऑइल बसत गेले आणि माझी भिंत काचेसारखी गुळगुळीत झाली. जुळत आलेले सूत सुटले.

शेजारच्या शिंप्याने दुकानातून डोकावून विचारले, "कुठवर आली गाडी?"

"तिकडच्या गावाजवळ असेल आता," सुतार म्हणाला.

"बरंय. घरबसल्या प्रवास. माझ्या मशीनलाही मीटर बसवून दे, जगाला तीन फेऱ्या झाल्या असतील."

दोघेही हसले. शिंपी परत आत गेला. सुतार मात्र थोडा वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला. मला वाटले, आता पाचर काढेल. त्याने पंखा जरा डावीकडे वळवला आणि रंधा हातात घेतला.

सहलीहून येताच मास्तरीण धावत माझ्याकडे आली. मीटरवर एक हजार तीन. "एवढे कसे झाले?"

"लाकूड बघायला लांब गेलो होतो," सुतार तिच्याकडे न बघता म्हणाला. "रिकाम्या हाती परत आलो."

तिने वही उघडली आणि सुवाच्य अक्षरात लिहिले: 'पाचशे एक्क्याण्णव. लाकूड बघायला.' मग माझ्या पत्र्यावर थाप मारली. "पास झालास."

मित्रांनो, मला वाचा असती तर मी त्या क्षणी बोललो असतो. माझ्याकडे फक्त आवाज होता, आणि मी नेहमीसारखाच घरघरत होतो. शब्द मोडला त्याचा, आणि खोटे लिहिले गेले तिच्या हाताने.

दुसऱ्या दिवशी माझ्यावर वीस बाक चढले.

मी कामचुकारपणा केला नाही. दोन वर्षे ओढत राहिलो. पण ऑइल रिंगांच्या बाजूने वर चढू लागले, जळू लागले आणि माझ्या मागून निळा धूर निघू लागला. आधी थोडा, मग गल्ली भरेल एवढा. मुलांनी माझे नाव धुराडे ठेवले. मास्तरणीची आई नाकाला रुमाल लावून बसू लागली. चढावर सायकली पुढे जात. आणि येईल त्याला सुतार सांगू लागला, "मुळातच खराब निघालं हो. सगळी काळजी घेतली होती. विचारा आमच्या मुलीला, तिने वहीत लिहून ठेवलंय."

तिला विचारले, की ती मान डोलवायची. एकदा तर मी चढावर बंद पडलो तेव्हा तिने चाकाला लाथ मारली. "एवढं जपलं याला," ती म्हणाली. धुराडे म्हणणाऱ्या शंभर जणांपेक्षा ती एक लाथ मला जास्त लागली.

शेवटी मला विकायचे ठरले. त्याआधी एकदा बघावे म्हणून मेकॅनिककाकांना बोलावले. त्यांनी कारखान्यातच मला उघडले, सिलिंडरमध्ये बॅटरीचा उजेड टाकला आणि मास्तरणीला जवळ बोलावले.

"काय दिसतंय?"

"आरसा. माझं तोंड दिसतंय."

"तिथे रेघा दिसायला पाहिजेत, तोंड नाही. नवं असताना हे ओझ्याशिवाय खूप फिरलंय. एकाच वेगात."

"नाही काका. माझ्याकडे सगळं लिहिलंय." तिने वही आणली आणि एकेक ओळ वाचत गेली. पाचशे एक्क्याण्णववर तिचे बोट थांबले.

सुतार खाली बघत होता. कारखान्याचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दोन वर्षे त्याखाली एक पाचर लावलेली असे. मास्तरीण रोज तिला पायाने सरकवायची. आज ती त्या पाचरीकडे बघत राहिली. मग तिने ती उचलली. एका अंगाला तिच्यावर समांतर खाचा उमटल्या होत्या. तिने पाचर माझ्या पायपट्टीवर ठेवली. रबराच्या उंचवट्यांत त्या खाचा बरोबर बसल्या.

"लाकूड बघायला गेला होतात ना, बाबा?"

सुतार म्हणाला, "तुला दिलेला शब्द मोडायचा नव्हता गं."

"म्हणून मला खोटं लिहायला लावलंत?"

"विकायचं नाही," एवढेच तो मेकॅनिककाकांना म्हणाला.

काकांनी माझी भिंत घासून पुन्हा रेघा ओढल्या, नव्या रिंगा बसवल्या. आता धूर नाही. पण चढावर अजून धाप लागते, आणि पंख्याचा वारा समोरून आला की जुने आठवते. मुलांनो, नव्या गोष्टीला तिच्या वाट्याची सुरुवात खरीखुरी द्या. उशीर झाला तर झाला म्हणून सांगा. आकड्याला फसवता येते, रिंगांना नाही.

काका म्हणाले, "आता पुन्हा हजार."

सुताराने वहीसाठी हात पुढे केला नाही. तो अवघडून उभाच राहिला. मास्तरणीने जुने पान काढले. 'लाकूड बघायला' या शब्दांवर, ते वाचता येतील अशी, एकच रेघ मारली आणि खाली लिहिले: 'गाडी घरीच होती.' मग नवे कोरे पान उघडून त्यावर शून्य काढले आणि पेन्सिलीसकट वही बाबांच्या हातात दिली.

"आता तुम्ही लिहायचं," ती म्हणाली. मग ती पुढच्या सीटवर येऊन बसली, पाचर बाबांना दिसेल अशी काचेजवळ ठेवली, आणि काट्याकडे बघू लागली.