मागच्या दाराने येणारं फुफू

मामांनी मला माझ्या सासरी, उघड्या अंगाने, हात धुऊन जेवायला बसलेलं पकडलं. नाही, पकडलं नाही. मामांच्या लेखी असं काही घडलेलंच नाही, म्हणून निवांत सांगतो.

आमच्या कुमासी शहरात बायकोने नवऱ्याजवळ राहिलंच पाहिजे असं नाही. ती तिच्या आईच्या घरी, तो त्याच्या आईच्या घरी, आणि संध्याकाळी तिनं रांधलेलं तिच्या डोक्यावरून त्याच्या दारी जातं. फक्त नवऱ्याने बायकोच्या घरी राहायचं नाही. लोक हसतात.

मी तिथेच राहतो. माझ्या आईच्या घरातल्या माझ्या खोलीला मावसभाऊ इटलीला जाताना कुलूप लावून गेला. सध्या तिथे त्याचा फ्रीज राहतो. आमच्यात कूळ आईकडून चालतं, म्हणून मामा कुळाचे प्रमुख; खोल्या तेच वाटतात. पण ‘खोली द्या’ म्हणायची लाज वाटली, म्हणून ‘पलीकडच्या गल्लीत दोन खोल्या भाड्याने घेतल्यात’ असं सांगून मोकळा झालो.

तेव्हापासून माझी बायको आफ्रियी रोज फुफूचं, म्हणजे कंद कुटून केलेल्या मऊ गोळ्याचं आणि सुपाचं, भांडं डोक्यावर घेऊन पुढच्या दाराने निघते, साऱ्या गल्लीला दिसेल अशी चालते, मशिदीला वळसा घालते आणि मागच्या दाराने आत येते. तिथे मी बसलेला असतो. सूप गार होतं, अब्रू राहते.

गुरुवारी मशिदीपाशी मामा भेटले.

“सूनबाई, जेवण आमच्या भाच्याकडे, आसिआमाकडेच ना? चल, खोल्या बघू तरी.”

वडीलधाऱ्यांना नको कसं म्हणणार? तिनं त्यांना मशिदीभोवती तीन फेऱ्या मारायला लावल्या.

“तुमची गल्ली फारच गोल आहे गं,” मामा म्हणाले.

चौथ्या फेरीला तिची मान अवघडली. ती सरळ मागच्या दाराने आत आली.

सासूबाई माझी चड्डी वाळत घालत होत्या. “या या, मामा! जावईबापू, स्टूल द्या की!”

मी दिलं. मामांनी हात धुतले आणि ते माझ्याच भांड्यात जेवले. फुफू चावायचं नसतं, नुसतं गिळायचं असतं. मला तेही जमेना.

उठताना ते म्हणाले, “जागा छान आहे. घरमालकीण कपडेही धुते. मलाही अशीच बघ एखादी.”

ते गेल्यावर आफ्रियी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “आता उद्या हे भांडं घेऊन मी कुठे जाऊ?”

मी कागद घेतला आणि मामांना अर्ज लिहिला.

‘मा. कुळप्रमुख यांच्या सेवेशी. अर्जदारास खोली नको. मातृकुळाच्या घरी त्यास केवळ एक दार मंजूर व्हावे. मागे खोली नसल्यास हरकत नाही. अर्जदाराच्या पत्नीस रोज सायंकाळी सहा वाजता ते ठोठावता यावे, व “कोण?” असे विचारण्यापुरते अर्जदारास त्यामागे उभे राहू द्यावे, ही नम्र विनंती.’