भरतीआधीचं चाक

सहाही नट सुटले, चाक मात्र तसूभर हलेना.

माझा नवरा सुवेलिम त्या चाकाकडे असा बघत होता, जसं काही त्यानं आईवरून शिवी दिलीय. मी म्हटलं, "ओढ ना." तर म्हणतो, "ओढतोय, दिसत नाही?" दिसत होतं. का चिकटणार नाही? रोज ओहोटीत ही पिकअप बेटावरून किनाऱ्याला खारट चिखलातून जाते-येते. धू रे बाबा तिला, धू, असं सांगून माझं तोंड दुखलं. पालथ्या घड्यावर पाणी! आत गंज धरला आणि चाकाची रिम आसाच्या हबला घट्ट चिकटून बसली.

"गोडं पाणी प्यायला पुरत नाही, गाडीला कुठून घालू?" हे त्याचं ठरलेलं उत्तर. आजही दिलंच.

पुढच्या सीटवर, बरोबर त्या चाकाच्या वर, माझी सासू, जुवैना. गेल्या हिवाळ्यात तिचं अर्धं अंग गेलं, तेव्हापासून पाऊल टाकता येत नाही, आणि बाई अंगानं चांगली भरभक्कम. महिन्यातून एकदा तिला किनाऱ्यावरच्या दवाखान्यात न्यायचं असतं. एका ओहोटीत जायचं, पुढच्या ओहोटीत परतायचं. आज निघालोच उशिरा, आणि बरोबर मध्यावर कुठला तरी लोखंडी तुकडा टायरमध्ये घुसला. बाकीच्या गाड्या केव्हाच पार झाल्या होत्या. मागे बेट, पुढे किनारा, दोन्हीकडे पायी तासभराची वाट. भरतीला इथे तासभर लागत नाही. जमीन सगळी सपाट, पाणी एकदा निघालं की माणसाच्या पुढे पळतं.

"सुवेलिम, आत्ताच उचलू या आईला. चादरीत घालून दोघं नेऊ. गाडी गेली खड्ड्यात."

"पाच मिनिटं."

"तुझी पाच मिनिटं मघाशीच संपली!"

त्यानं टायरला लाथा घातल्या. फळी आड धरून हातोडा घातला. इंजिनचं तेल ओतलं. मग काय डोक्यात आलं, आतल्या बाजूनं ठोकायला सरळ गाडीखालीच शिरला. जॅक ओल्या मातीत एका बाजूला कलताना मला दिसला. पाय धरून ओढला मेल्याला. "बाहेर ये! एक माणूस उचलायचंय ते पुरेना, आता दोन उचलू का मी?"

मी किनाऱ्यावर धाकट्या दिराला, हमदानला, फोन लावला. म्हटलं, होडी घेऊन ये.

"वहिनी, होडी चिखलात टेकेल. छातीभर पाणी झाल्याशिवाय येताच येणार नाही."

छातीभर! म्हणजे आम्ही बुडालो की हा न्यायला येणार. मी त्याला जे बोलले ते इथे सांगत नाही.

"ऐका तरी," तो म्हणाला. "दादाला सांगा, नट परत लाव, पण दोन-दोन आटे ढिले ठेव. जॅक काढ. गाडी थोडी पुढे घे आणि कचकन ब्रेक मार. आईला उतरवू नका, तिचं वजन त्याच चाकावर हवंय. माझं असंच सुटलं होतं."

सुवेलिमनं ऐकलं आणि नाक उडवलं. "काल शेंबूड पुसत होता, आज मला शिकवतोय." आणि पुन्हा हातोडा. आणखी दहा मिनिटं गेली. मला रडू येत होतं आणि त्याला मारावंसंही वाटत होतं.

मग पाणी आलं. आवाज नाही, काही नाही. फक्त चिखल चमकायला लागला आणि माझ्या चपला ओल्या झाल्या. शेजारणीकडे ठेवलेली माझी धाकटी लतीफा डोळ्यांपुढे आली. दोन वर्षांची आहे, अजून माझ्याशिवाय झोपत नाही. घोटा बुडाला की निघायचं, मी ठरवून टाकलं.

काच खाली करून, चांगला हात दारावर ठेवून सासू पाण्याकडे बघत होती.

पाणी घोट्याच्या हाडाला लागलं तेव्हा सुवेलिमनं हातोडा टाकला आणि मुकाट्यानं नट लावले, ढिले. जॅक काढला. मी मागे चढून बसले. त्यानं गाडी पुढे घेतली, ब्रेक मारला. काही नाही. पुन्हा. काही नाही. हवा गेलेला टायर चिखल उडवत होता आणि मी अल्लाचं नाव घेत होते. तिसऱ्यांदा त्यानं स्टिअरिंग पूर्ण वळवून ब्रेक मारला, आणि खालून खाडकन आवाज आला.

"सुटलं!" सासू आतून ओरडली.

फळी पाण्याखाली दाबून बसवली, तिच्यावर जॅक लावला, मग चाक काढलं, दुसरं चढवलं. घाईत माझ्या हातून एक नट पाण्यात पडला तो पडलाच. पाचांवरच निघालो. किनारा लागला तेव्हाच थांबलो.

हमदाननं गाडीतच कहाव्याची, म्हणजे आमच्या वेलचीच्या कॉफीची, किटली आणि कप आणून दिले. सुवेलिमला तर आनंद मावेना. "माझ्या हातोड्यानं आधीच ढिलं झालं होतं, तुझा ब्रेक निमित्ताला," तो भावाला सांगत सुटला.

सासूनं त्याला खिडकीशी बोलावलं. तिचं बोलणं आता जड येतं, पण शब्द समजतात. "सुवेलिम, पाणी कुठवर आलं असतं म्हणजे तू मला उचललं असतंस?"

"अगं आई, निघालं ना चाक!"

"कुठवर?"

त्यानं हसत गुडघ्याला हात लावला.

"गुडघाभर पाण्यात मला घेऊन तू दहा पावलं चालला नसतास," ती म्हणाली. रागानं नाही. त्याचं हसू तिथेच गेलं.

मला तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर मला घोटा सांगावा लागला असता, आणि हेही, की घोटा बुडाल्यावर मी जी वाट चालले असते, त्या वाटेवर माझ्या मनात मी एकटीच होते. तिनं विचारू नये म्हणून मी तिचा कप घाईघाईनं भरला. पुरे झालं की आमच्यात कप हलवतात, तोवर ओतणारीनं थांबायचं नसतं. तिनं तो हलवला नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि मी ओततच राहिले.