पट्टी मीच शिवली होती

"निळी होडी… आणि खाली लिहिलंय, वादळ!"

औषधवाल्याची दहा वर्षांची मुलगी असं म्हणाली मात्र, अख्खा हॉल टाळ्यांनी दणाणला. तिच्या डोळ्यांवर काळी पट्टी करकचून बांधलेली, मांडीवर कार्ड. मागच्या रांगेतली माणसं खुर्च्यांवर उभी राहून बघत होती. तिचे वडील तर चक्क रडत होते.

"ही जादू नव्हे!" स्टेजवरून उजेडसर गरजले. 'आतला उजेड' नावाचा वर्ग चालवायचे, म्हणून उजेडसर. खरं नाव कुणी विचारलंच नव्हतं. "मेंदूच्या मधोमध एक खिडकी असते. आठ आठवड्यांत ती उघडते. कंपनं! लहरी! तरंग! डोळे नुसते भाडेकरू, खरा मालक आत बसलाय!"

म्हणजे काय, ते त्यांनाही ठाऊक नसावं. पण बोलणं असं तेलकट की ऐकणारा घसरलाच पाहिजे.

"पट्टीवर शंका आहे कुणाला?" त्यांनी माझ्याकडे हात केला. "या ताईंनी शिवलीय. विचारा त्यांनाच."

मी शिंपीण. चौकातल्या जिन्याखाली माझं दुकान आहे. मी उठले आणि छातीठोकपणे सांगितलं, "चौपदरी कापड, वर अस्तर. दिव्यासमोर धरून पाहिलंय मी. सुईच्या टोकाएवढाही उजेड येत नाही."

पुन्हा टाळ्या. त्यातल्या निम्म्या माझ्या वाट्याच्या होत्या, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. गेल्या कित्येक महिन्यांत माझ्याशी मापाखेरीज कुणी काही बोललं नव्हतं.

तशी मी भोळी नाही हो. चमत्कारवाल्यांना मी दारातूनच वाटेला लावते. पण गरज माणसाला कुठेही बसवते, तशी मला त्या हॉलमध्ये घेऊन आली होती.

माझी चिंगी नऊ वर्षांची. तोंडाने अशी चुरूचुरू गोष्टी सांगायची की गिऱ्हाईक माप द्यायचं विसरून ऐकत बसायचं. मशीन अडलं तर बॉबिन काढून, साफ करून, परत बसवून द्यायची. पण पुस्तक उघडलं की पोरीचा चेहरा उतरायचा. एक ओळ वाचायला पाच मिनिटं. वरच्या ओळीत वाचलेला शब्द खालच्या ओळीत तिला परका. मी ओरडले, समजावलं, एकदा मारलंसुद्धा. ते आठवलं की अजून हात आखडतो.

तिच्या वर्गशिक्षिकेने वर्षापूर्वी चिठ्ठी पाठवली होती. "हिची मानसतज्ज्ञाकडून चाचणी करून घ्या." माझं डोकंच फिरलं. माझी पोर काय वेडी आहे? चिठ्ठी मी रिळांच्या खणात कोंबली. विचारणार तरी कुणाला? तिच्या बापाने दुसरीकडे संसार थाटलाय. घरात आम्ही दोघीच. मी मशीनकडे तोंड करून, ती भिंतीकडे. बाकीची पोरं तिला 'ढ' म्हणायची, खेळायला बोलवायची नाहीत. हळूहळू तिच्या गोष्टीही बंद पडल्या. आणि उजेडसर म्हणत होते, "चाचणी नको, डॉक्टर नको, खिडकी उघडली की पुस्तक आपोआप डोक्यात!" कुणाला नको होईल? मी चिंगीचं नाव घातलं.

आठवा आठवडा आला. सगळ्या पोरांच्या खिडक्या उघडल्या, चिंगीची सोडून. सरांनी तिच्या नावापुढे लाल शाईने लिहिलं, 'बंद'.

"आईच्या शंकेने खिडकी गंजते," ते मला म्हणाले. "हिला चाळीस दिवस माझ्या शिबिरात ठेवा. भेटायचं नाही, फोन नाही. इथे सही करा."

मी सही केली. हो, केली.

शनिवारी संध्याकाळी बॅग भरत होते. चिंगी आपले फ्रॉक एकेक करून बाहेर काढून ठेवत होती.

"आई, मला नको ना पाठवू."

"अगं, मला काय हौस आहे? सगळ्यांना दिसतं, मग तुलाच का दिसत नाही?"

"मलापण दिसतं."

माझे हात थांबले. "काय दिसतं?"

"नाकाजवळ फट असते ना, तिथून खाली बघायचं. सगळेच बघतात. सांगायचं नाही, असं ठरलंय आमचं."

"मग कार्डावरचं तू का नाही सांगितलंस?"

"होडी सांगितली मी. पण सर म्हणतात, खालचं वाच." तिने मान खाली घातली. "उघड्या डोळ्यांनी वाचता येत नाही मला, फटीतून कुठून येणार?"

मी तशीच उठले, उरलेली एक पट्टी डोळ्यांवर बांधली आणि खाली पाहिलं. माझी बोटं दिसली. पायाशी पडलेला दोराही दिसला.

हात् तिच्या! वीस वर्षं शिवणकाम करतेय मी. सपाट कापड उंचवट्यावर टक्स, म्हणजे चिमटे, घेतल्याशिवाय बसत नाही, बाजूने फट राहतेच, हे मी शिकाऊ पोरींना पहिल्या दिवशी शिकवते. आणि मी कापड पाहिलं, दिवा पाहिला, ट्रायल घेतलीच नाही! तोंडाला नाक असतं हेच विसरले.

पण राग नंतर आला. आधी आलं ते रडू. आठ आठवडे त्या हॉलमध्ये माझी लेक वाचता येत नाही एवढंच दाखवत होती आणि तिलाच आम्ही 'बंद' म्हणत होतो.

रविवारी हॉल भरला तेव्हा मी स्टेजवर चढले, खुर्चीत बसून जुनी पट्टी माझ्याच डोळ्यांवर बांधली आणि मांडीवरची तीन कार्डं धडाधड वाचून दाखवली. "मी एक दिवसही वर्गात बसलेली नाही," मी म्हणाले. "नाकाजवळून दिसतं. चूक माझ्या शिवणीची आहे." मग पिशवीतून दुसरी पट्टी काढली, नाकाच्या दोन्ही बाजूंना टक्स घेतलेली, आत कापूस भरलेली. "सर, पोरांना नको त्रास. तुमची खिडकी तर उघडीच असेल. बांधू?"

सर दोन पावलं मागे सरले. "संशयी माणसासमोर लहरी विझतात!"

"अहो, शंका घेतली की विझतो तो कसला उजेड?"

कुणीतरी हसलं. पण टाळ्या नाही पडल्या. "स्वतःची पोर ढ, म्हणून दुसऱ्यांची बघवत नाही," एक बाई मोठ्याने म्हणाली. सर आठवड्याभरात गाशा गुंडाळून गेले, पण लोकांचा राग राहिला तो माझ्यावर. शिवायला टाकलेले कपडे परत नेले दोघींनी. रस्त्यात माणसं मान फिरवायची.

खणातली चिठ्ठी काढून मी चिंगीला मानसतज्ज्ञ बाईंकडे नेलं. दोन सकाळी त्यांनी तिच्याकडून ठोकळे जुळवून घेतले, शब्द वाचून घेतले, गोष्टी सांगून घेतल्या. लहरी नाहीत, खिडक्या नाहीत. मग मला समोर बसवून म्हणाल्या, "बुद्धी उत्तम आहे. अक्षर आणि आवाज यांची सांगड तिला सहज बसत नाही. डिस्लेक्सिया म्हणतात याला. हा आळस नाही, वेडही नाही. वेगळ्या पद्धतीने शिकवू. वेळ लागेल."

"आठ आठवडे?"

"नाही हो. वर्षं लागतील."

तिथे माझा विश्वास बसला. फसवणाऱ्याने एवढा वेळ कधीच मागितला नसता.

"आणि तुम्ही?" त्यांनी विचारलं. "झोप लागते? कुणाशी बोलता?"

"मला काय धाड भरलीय!" म्हणाले मी, आणि मग बोलतच सुटले. अर्धा तास बसवून घेतलं त्यांनी. आता मंगळवार चिंगीचा असतो, गुरुवार माझा.

परवा दुपारी औषधवाला दुकानात आला. आधी म्हणाला, बटण लावायचंय. बटण लावून झालं तरी हलेना.

"ताई, माझी मुलगी हल्ली शाळेतून येते ती दार लावून बसते. महिना झाला. जेवत नाही, दचकून उठते. म्हणते, सगळे मला खोटारडी म्हणतात." त्याने आवाज खाली आणला. "एवढ्यावरून न्यायचं असतं का हो तुमच्या त्या मानसतज्ज्ञ बाईंकडे? की वाट बघू?"

मी त्याला स्टुलावर बसवलं. म्हटलं, ताप महिनाभर राहिला तर वाट बघाल का? मूल खूप मेहनत करतंय आणि तरी तिथंच आहे, पूर्वी बोलायचं ते बोलेनासं झालंय, खाणंझोपणं बिघडलंय, शाळा सांगतेय आणि आपल्यालाही आतून कळतंय, तर जायचं. स्वतःचं तसं झालं तरी जायचं. काही नाही निघालं तर आनंदाने परत यायचं. चाचणी म्हणजे शिक्का नव्हे, माप असतं. माप न घेता शिवलं तर काय होतं, ते मी भर सभेत दाखवलंय.

पत्ता लिहून दिला. तो चिठ्ठी खिशात ठेवणार, तेवढ्यात मी त्याचा हात धरला.

"खिशात नको," म्हटलं. "आत्ता इथूनच फोन करा. मी वर्षभर चिठ्ठी खणात ठेवली, आणि तेवढं वर्षभर माझी पोर एकटी होती."