अकरा प्रश्न

सरकारी वकीलबाईंनी संमतीपत्र टेबलावर ठेवलं आणि भावजींनी त्यावर पाण्याचा ग्लास ठेवला. पंखा बंद होता, कागद उडणार नव्हता. टिल्लूच्या आईने ग्लास उचलला, उमटलेलं ओलं वर्तुळ रुमालाने टिपलं आणि कागद आपल्याकडे ओढला.

वकीलबाईंनी सगळं पुन्हा सांगितलं. टिल्लूला त्याच्या भागीदाराने कॅमेरादुरुस्तीच्या दुकानात मारलं, त्याला सात वर्षं झाली. तेव्हा पळालेला भागीदार आता समुद्रापलीकडच्या एका देशात सापडला होता. त्या देशाने फाशी केव्हाच मोडीत काढली होती, आणि जिथे फाशी होऊ शकते तिथे तो कुणालाच पाठवत नसे. अशा बऱ्याच देशांनी आपसात तसं ठरवलेलंच होतं. इकडच्या सरकारने जन्मठेपेपलीकडे जाणार नाही अशी लेखी हमी दिली, तरच ते त्याला विमानात बसवणार होते. हमी तयार होती. तिकडच्या न्यायाधीशांना घरच्या दोघांची संमती हवी होती, आई आणि काका. सोमवारपर्यंत ती पोचली नाही, तर माणूस सुटणार होता.

"सुटू दे," भावजी म्हणाले. "कधीतरी आपल्या हाती लागेल. आणि लागला की फासावरच जायला हवा."

खालच्या मजल्यावर राहणाऱ्या या दिराने सात वर्षांत कोर्टाची एकही तारीख चुकवली नव्हती. पुतण्याचं नाव टिल्लू त्यांनीच ठेवलेलं. पोरगा सहा फूट झाला तरी टिल्लूच राहिला. रोज संध्याकाळी सात वाजता ते जिन्यात थांबून विचारत, "वहिनी, आहात ना?" ती म्हणे, "आहे." निवृत्त झाल्यापासून कित्येक दिवस तिचा आवाज तेवढाच वापरला जाई.

ती तीस वर्षं पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होती. एखाद्या नमुन्यावरून तक्रार झाली, तर त्याची एक बाटली सील करून ठेवायची, निकाल लागेपर्यंत ओतायची नाही, असा तिथला नियम. एकदा एका नव्या मुलीने कपाट आवरताना अशीच एक बाटली धुऊन, पुसून, चकचकीत करून ठेवली होती. ही हकिगत तिने भावजींना पूर्वी हसत सांगितली होती; आज हसू न येता सांगितली.

"माणूस आहे तो, वहिनी. बाटली नाही."

"तेच तर."

भावजींनी तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. तिने सही केली, तारीख घातली. मग कागद त्यांच्याकडे सरकवला. ते उठले, दाराशी गेले आणि पाठमोरे राहून चपला शोधू लागले. उद्यापासून आपली वाट बघू नका, असं काहीतरी ते चपलांनाच सांगितल्यासारखं पुटपुटले.

तिने ते ऐकलं. ड्रॉवर उघडून दुसरा एक कागद काढला आणि वकीलबाईंना दिला. त्याला इथे आणल्यावर हे विचारायचं, म्हणाली. वकीलबाई वाचू लागल्या. प्रश्न सुवाच्य अक्षरात, क्रमांक घालून लिहिलेले होते. दुपारी टिल्लू जेवला होता का. भांडण कशावरून निघालं. चार वाजून दहा मिनिटांनी त्याने मला फोन केला तेव्हा तू तिथे होतास का. माझा फोन प्रयोगशाळेच्या कपाटात होता. मी उचलला नाही म्हटल्यावर तो काय म्हणाला. असे अकरा.

न्यायालय हे विचारणार नाही, वकीलबाईंनी हळूच सांगितलं. तुरुंगात भेटायची परवानगी मात्र मागता येईल.

"पण ताई, तो खोटंही सांगेल."

"खोटं सांगायलाही तोच उरलाय," ती म्हणाली.

भावजींचा एक पाय चपलेत होता, दुसरा फरशीवर.

"मला त्याने पाचला बोलावलं होतं," ते म्हणाले.

तिने वर पाहिलं.

"दुकानात. फोन केला होता. काका, तुम्ही जरा मध्ये बसा म्हणाला, तुमचं तो ऐकतो." ते दाराच्या कडीशी बोलत होते. "मी म्हटलं, तुमची रोजचीच कटकट. डुलकी लागलीय, उद्या बघू."

सात वर्षांत हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. तिने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. वकीलबाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

"लिहा," भावजी म्हणाले. "टिल्लूने मी येणार म्हणून सांगितलं होतं का. दाराकडे बघत होता का. एवढंच."

तिने प्रश्नांचा कागद परत घेतला. अकराच्या खाली बारा हा आकडा घातला आणि पेन थांबवलं. मग कागद फिरवून टेबलाच्या त्यांच्या बाजूला, संमतीपत्राशेजारी ठेवला.

"तुमच्या हाताने लिहा, भावजी."

त्यांनी चप्पल काढली. खुर्चीत बसले, आणि खिशात चष्मा चाचपू लागले.